जेबाचे चार ठिपके

१

"दाखला द्या बाई, पोरीचा. मी तिले शाळेतून काढून राहिलो."

शफीकभाई ऑफिसच्या दारातच उभे होते. दाढीत, टोपीवर, भुवयांवर पिंजलेला कापूस तसाच चिकटलेला. म्हणजे हातातलं काम टाकून उठून आले होते. अकोटात गादी भरून घ्यावी तर शफीकभाईंकडूनच, असं सगळं गाव म्हणायचं. त्या वर्षी मात्र गाव नुसतं म्हणतच होतं. कापसाला भाव नव्हता, सरकी काढायचे निम्मे जिन बंद पडलेले, नवी गादी भरवायची हौस कोणाला राहिली होती! तरी माणूस कधी कोणापुढे वाकला नव्हता, आणि आज तर त्याची मान जास्तच ताठ होती.

वच्छलाबाई गणिताच्या शिक्षिका. नवे मुख्याध्यापक येणार येणार म्हणता म्हणता ती खुर्चीही त्यांच्याच गळ्यात पडली होती. जिभेला धार अशी की भलेभले मास्तर वचकून असत, पण पोटात दुखायला लागलं की पोट्टी धावत यायची ती यांच्याचकडे.

"आधी बसा तर खरं. देवमन, पाणी आण गा!"

देवमन शिपायानं पाणी आणलं आणि अर्धं टेबलावर सांडलं. परतवाड्याला दिलेली त्याची लेक बाळंतपणाला आली होती. नात झाल्यापासून या माणसाचं चित्तच ठिकाणावर नव्हतं. सकाळी त्यानं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं होतं आणि बाईंनी तो निमूट पिऊन टाकला होता.

"झालं काय, शफीकभाई?"

"काल उत्तम सरानं जेबाले भरल्या वर्गात झूठी म्हटलं. घरी आली तशी जेवली नाई, बोलली नाई. माही अम्मी विचारून विचारून थकली. बाई, पोरगी नापास झाली असती तं मी तोंड उघडलं नसतं. पण झूठी? अन् अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनातून तिचं नावबी कापलं. जिथं माह्या लेकराले झूठं म्हणतात, तिथं मी त्याले काहून पाठवू?"

जेबा म्हणजे नववीतली बाईंची लाडकी. गणित सुटलं की मान न उचलता हसणारी. बाप आज रागानं तिला काढेल, आणि मग तोच राग त्याला दुसऱ्या कुठल्या शाळेची पायरीही चढू देणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पोरगी घरी बसेल ती बसेलच.

"एक दिवस द्या मला."

"उद्या जुम्मा आहे. नमाज पढून येतो. दाखला तयार ठेवा."

"आणि तोवर मी सिद्ध केलं, की पोरगी खरं बोलली?"

शफीकभाई दारात थबकले. "तं मंग ज्यानं झूठी म्हटलं, त्यानं सांगावं. तुमी नाई."

२

उत्तमराव विज्ञानाचे मास्तर. माणूस सरळ, कष्टाळू आणि हट्टी. प्रयोगशाळेतल्या बाटल्या स्वतःच्या हातानं पुसणारा. वरून अनुदान यायचं कधीच बंद झालं होतं, म्हणून शाळेत धड अशी एकच स्प्रिंग उरली होती. तिलाही ते तळहातावरच्या फोडासारखं जपत.

"हे पाहा बाई, तुमीच पाहा!" त्यांनी प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या मोठ्या आलेखाकडे बोट केलं.

प्रयोग साधाच. स्प्रिंग टांगायची, खाली पारडं, पारड्यात वजन. स्प्रिंग किती ताणली ते शेजारच्या पट्टीवर वाचायचं आणि मूळ लांबी त्यातून वजा करायची. मग वजन आडव्या अक्षावर, वाढ उभ्या अक्षावर, आणि दोन्ही जिथं भेटतील तिथं ठिपका. प्रत्येकानं चार वजनं लावून चार ठिपके द्यायचे, बाजूला आपल्या नावाचं अक्षर. एक गट मधल्या सुट्टीआधी, दुसरा सुट्टीनंतर. अशी सगळ्या वर्गाची मिळून ठिपक्यांची रांग तिरकी वर चढत गेलेली, आणि तिच्यामधून सरांनी ओढलेली एक सरळ रेषा.

रेषेच्या वर, वेगळे पडलेले चार ठिपके. बाजूला 'जे'. भोवती लाल पेन्सिलीचा गोल.

"सगळा वर्ग रेषेवर आहे, ही एकटीच वर तरंगून राहिली. म्हणजे काय? स्प्रिंगकडं पाह्यलंच नाई, मनानंच आकडे ठोकले. नीट करून दे म्हटलं तर म्हणते, सर, मले जे दिसलं थेच लिहिलं. मंग माहं डोकं फिरलं. अशी पोरगी अमरावतीले नेऊन नाक कापून घेऊ का?"

बाई आलेखाजवळ गेल्या. प्रयोगशाळेत स्पिरिटचा नेहमीचा वास होता, पण आज त्यात आणखी कसलातरी उग्र, ओळखीचा वास मिसळला होता. घरातला वाटावा असा. कसला ते काही केल्या आठवेना. तो नाद सोडून त्यांनी पर्समधून शिवणाचा दोरा काढला. ठिपक्यांतून रेषा काढायला त्या पोरांना हेच शिकवत. दोरा ताणून धरायचा आणि असा बसवायचा, की थोडे ठिपके वर राहतील, थोडे खाली. कोणाची नजर जरा वर वाचते, कोणाची जरा खाली, दोरा सगळ्यांना सांभाळून घेतो.

"उत्तमराव, हे टोक धरा. सुट्टीआधीच्या गटाचे ठिपके पाहा. कोणी केसभर वर, कोणी केसभर खाली."

"चालतंच बाई तेवढं. पोरांचे हात आहेत."

"आता दुसऱ्या गटाचे पाहा. विपुल, अपेक्षा, बाकीचे. एक तरी इकडं तिकडं आहे? मणी ओवल्यासारखे बसलेत. सुट्टीत डबा खाल्ल्यावर या पोरांची नजर एकदम गरुडाची झाली का हो?"

उत्तमरावांनी चष्मा पुसला.

"आणि आता ही, याच गटातली." बाईंनी दोरा जेबाच्या ठिपक्यांवर धरला. चारही ठिपके दोऱ्यालगत आले. खालची रेषा जशी चढत होती तसाच हा दोरा चढत होता. दोन्हींमधलं अंतर सुरुवातीला जेवढं, शेवटीही तेवढंच.

"मनानं आकडे ठोकणाऱ्याचे ठिपके असे पडतात? एक इथं पडला असता, एक तिथं. मास्तर, हिनं चारही वेळा स्प्रिंग पाहिली आहे. खोटं कोणी लिहिलंच असेल, तर ते या चार ठिपक्यांत नाही."

"मंग कोणी?" उत्तमराव गोंधळून म्हणाले.

बाईंनी दोरा गुंडाळला. "तिच्या गटातल्या बाकी सगळ्यांनी."

३

अपेक्षाला बोलावलं तर ती दारातच रडायला लागली. वरूडच्या संत्र्याच्या बागेतली पोरगी, इथं मावशीकडे शिकायला राहिलेली. रडणं तिला पटकन यायचं.

"अजून मी काही विचारलंच नाही, पोरी! डोळे पूस. काल तुझा ठिपका पहिल्यांदा कुठं येत होता?"

हुंदके देत देत अपेक्षानं बोट उचललं, रेषेच्या वर टेकवलं, आणि पुन्हा भोकाड पसरलं.

मग विपुल आला. उंच, हुशार, केसांना पाणी लावून भांग पाडणारा. जेबाचं नाव कापल्यावर अमरावतीला हाच जाणार होता. उत्तमरावांनी बाईंकडे पाहिलं. दोघांच्याही मनात एकच आलं, की या पोट्ट्यानंच तर स्प्रिंगशी काही खेळ केला नसेल?

"विपुल, खरं सांग. तुझे ठिपके रेषेवर कसे बसले?"

"मोजले बाई."

"बरं. मग स्प्रिंग टांगते, पुन्हा मोजून दाखव."

विपुलचा चेहरा उतरला. बुटाच्या टोकानं फरशी उकरत तो उभा राहिला.

"बाई, रेषा आधीच काढेल होती. सुट्टीनंतर आमी आलो तं सरानं पह्यल्या गटावरून रेषा काढून ठेवली होती. अन् सर म्हणतात ना, ज्याचा ठिपका रेषेपासून दूर त्याचे मार्क कट. माहा ठिपका वर येऊन राह्यला होता. मले वाटलं माहंच चुकलं. म्हणून मंग खाली घेतला."

"किती खाली?"

"एक बोट."

"चारही?"

"चारही. सगळ्याइनंच घेतले बाई. एकमेकाइले विचारून. जेबाले बी म्हटलं मी, घे ना खाली, कोण पाहून राह्यलं. थे म्हणे, मले वरच दिसते." मग हळूच म्हणाला, "सर तिले बोलले तवा मी काहीच नाई बोललो."

"स्प्रिंगला हात लावला होतास?"

"आईची शप्पथ, नाई! सुट्टीत मी ग्राउंडवर होतो. कबड्डीच्या टीममधल्या सगळ्याइले विचारा."

उत्तमराव स्टूल ओढून आलेखासमोर बसले. सगळ्या गटाचा ठिपका एक बोट वर येत होता. सगळ्यांनी तो खाली ओढून मार्क वाचवले आणि एकीनं ओढला नाही, तर तिला त्यांनी खोटारडी ठरवलं. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर, स्प्रिंग तीच, वजनं तीच. मग सगळ्यांचीच वाढ एकदम एक बोट जास्त कशी?

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमची ती मूळ लांबी फळ्यावर कधी लिहिली होती?"

"सकाळी. पोरांना सांगतलं होतं, सारखी सारखी मोजत बसू नका, वेळ जातो."

"चला, आता मोजू."

४

रिकामं पारडं लावून स्प्रिंग टांगली. उत्तमरावांनी पट्टीवर वाचलं, फळ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. पारड्यात काहीही नसताना स्प्रिंग फळ्यावरच्या आकड्यापेक्षा लांब होती. पोरांच्या एका बोटाइतकी.

"ताणली कोणीतरी!" ते ओरडलेच. "सोसेल त्याच्यापेक्षा जास्त वजन टाकलं म्हणजे ही मूळ जागी परत येत नाही. लांबच राहते. मंग पुढचे सगळे ठिपके तेवढेच वर जातात. अरे देवा... पोरगी बरोबर होती बाई. शंभर टक्के बरोबर होती."

"ते झालंच. पण ताणली कोणी? सकाळच्या गटाचं ठीक होतं, दुपारी बिघडली. म्हणजे मधल्या सुट्टीत. मला हे तुमच्यासाठी नाही, शफीकभाईंसाठी हवंय. अर्धवट सांगितलं तर तो माणूस म्हणेल, बाई पोरीला वाचवायला गोष्टी रचतात."

स्प्रिंगचा हूक बाईंनी डोळ्यांजवळ धरला. वळणाच्या खोबणीत पांढुरकी भुकटी बसली होती आणि तिच्यात जुन्या मऊ लुगड्याचा एक धागा अडकला होता.

"खडू असंन," उत्तमराव म्हणाले.

बाईंनी भुकटी बोटावर घेतली, हुंगली, आणि सकाळपासून छळणारा तो वास कसला ते एकदम आठवलं.

"खडू नव्हे मास्तर, वेखंड आहे! न्हाऊ घातल्यावर तान्ह्या लेकराच्या अंगाला लावतात ते. तुमच्या स्प्रिंगला काल कोणीतरी लुगड्याच्या झोळीत बाळ टांगलं होतं."

दाराशी काहीतरी खळकन पडलं. देवमन उभा होता, पायाशी चहाचे ग्लास फुटलेले. प्रयोगशाळेची किल्ली त्याच्याच कमरेला असायची.

"देवमन, काल सुट्टीत कुलूप लावलं होतंस ना?"

"हाव बाई. लावलं होतं. मी बोअरवर पाणी भरून राह्यलो होतो."

"बोअरची मोटर काल दिवसभर बंद होती, देवमन. लाईन नव्हती."

देवमननं कमरेची किल्ली मुठीत धरली. तेवढ्यात काच फुटल्याचा आवाज ऐकून माणिकबाई धावत आल्या. शाळेच्या आवारातच कोपऱ्यातल्या खोलीत अंगणवाडी होती आणि माणिकबाई तिथल्या सेविका. एक नजर स्प्रिंगवर, एक देवमनवर, आणि त्यांना सगळं समजलं.

"त्याले काही बोलू नका बाई. म्याच सांगतलं होतं. आमच्या वजनकाट्याचा हूक तुटला तवापासून नवा काटा कोणी देऊन नाई राह्यलं. अन् याच्या नातीचं वजन पाहणं जरुरी होतं. एवढुसं लेकरू, दूध ओढत नाई. मी म्हटलं, शाळेत स्प्रिंग आहे, एक मिनिटाचं काम. आमी झोळीत ठेवलं, टांगलं, तं थे स्प्रिंग सर्रकन खालीच आली. घाबरून लगेच काढलं."

"अन् मी पुसून जागच्या जागी ठेवली," देवमन रडत म्हणाला. "मले वाटलं जशीच्या तशी आहे. सर, तुमी तिले किती जपता मले माहीत आहे, म्हणून बोललो नाई. पण जेबाचं याच्यापायी झालं हे मले आत्ता समजलं. जेबा माह्या नातीसाठी दुपटं शिवून राह्यली, बाई. अन् म्या तिलेच..."

बाईंना रागवायचं होतं. शब्दही तयार होते. पण डोळे भरून आले आणि सगळा राग कुठल्या कुठं गेला.

"आधी मला सांग, नात कशी आहे?"

"तशीच. लय रडते."

"मग इथं ग्लास काय फोडतोस? लेकीला आणि नातीला घेऊन आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा. माणिकबाई, तुम्ही सोबत जा. डॉक्टर काय म्हणतात ते मला येऊन सांगायचं. स्प्रिंगचं आम्ही पाहतो."

देवमननं उत्तमरावांकडे पाहिलं. मास्तरांनी कमरेवर हात ठेवले, घसा खाकरला, आणि कसंबसं म्हणाले, "जा ना बावा! उभा काय राह्यला? स्प्रिंगपेक्षा लेकरू महाग आहे."

५

शुक्रवारी दुपारी शफीकभाई नमाज पढून आले. अंगावर पांढरा स्वच्छ कुर्ता, सोबत जेबा. दाखला घ्यायला पोरगी कशाला लागते? पण तिनंच हट्ट धरला होता, मले बाईले भेटून येऊ द्या म्हणून. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती बापाच्या मागं उभी राहिली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"दाखला तयार आहे?" शफीकभाईंनी विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. कागद टेबलावर होता, फक्त सही व्हायची होती. "पण आधी नववीच्या वर्गात चला. तुम्ही म्हणाला होतात ना, ज्यानं म्हटलं त्यानंच सांगावं?"

वर्गात सगळी पोरं बसली होती. आलेख प्रयोगशाळेतून काढून फळ्याशेजारी लावलेला. उत्तमराव सर समोर उभे होते. रोज कडक इस्त्रीत दिसणारा माणूस, आज शर्टाची एक गुंडी चुकून वरखाली लागलेली.

"बुधवारी याच वर्गात," ते म्हणाले, आणि जेबाकडे वळले. "याच वर्गात मी जेबाले खोटारडी म्हटलं. जेबा खोटं बोलली नाही. सुट्टीत स्प्रिंग ताणल्या गेली होती. कोणी, कशी, ते सांगायची गरज नाही. ज्यानं केलं त्याच्या मनात पाप नव्हतं. मूळ लांबी पुन्हा मोजायले पाह्यजे होती, ती मी मोजू दिली नाही. आकडे अर्धेच आले होते तरी रेषा काढून मोकळा झालो. चूक झाली ती माही."

मग शेवटच्या बाकावरून विपुल उठला.

"सर, माहे ठिपके खोटे आहेत. म्या खाली घेतले."

अपेक्षा उठली. रडतच, पण उठली. मग तिच्या शेजारची. मग बाकीचे, एकामागून एक, दुसरा गट सगळाच्या सगळा उभा राहिला. एकटी जेबा तेवढी बसायला जागा शोधत होती, आणि तिला काय करावं तेच सुचत नव्हतं.

शफीकभाई आलेखाजवळ गेले. त्यांना तो वाचता येत होता असं नाही. लाल गोलातल्या त्या चार ठिपक्यांवर त्यांनी बोट ठेवलं.

"सर, हे माह्या पोरीचे?"

"हो."

"अन् हे, रेषेवरचे, थ्या उभ्या पोराइचे?"

"हो."

"म्हणजे रेषेवर बसणारे झूठे होते, अन् बाहेर होती थे खरी?"

"हो शफीकभाई." उत्तमरावांनी हात जोडले. "माफ करा मले. तुमी बी, अन् जेबा, तू बी."

शफीकभाईंनी ते जोडलेले हात आपल्या हातात धरून खाली केले. "बस सर, बस. मास्तरानं हात जोडू नाई पोरापुढं." मग ते बाईंकडे वळले. दाखला नको म्हणून नुसतीच मान हलवली. बाई समजल्या. सहीसाठी आणलेलं पेन त्यांनी टोपण लावून ठेवून दिलं.

"जेबा," उत्तमराव म्हणाले, "अमरावतीले तूच चाललीस. दुसऱ्या गटाचे ठिपके आज सगळे पुन्हा घेऊ, खरे खरे. पण तुझे चार तसेच ठेवायचे आहेत. त्याइचं काय करायचं, तूच सांग."

जेबा आलेखासमोर उभी राहिली. आपल्या चारही ठिपक्यांवरून तिनं बोट फिरवलं. वर्गातली उभी असलेली पोरं, दाराशी बाप, खिडकीशी बाई, सगळे थांबले होते.

"सर," ती हळूच म्हणाली, "यायच्यातून बी एक रेषा जाते. काढू?"

उत्तमरावांनी आपली पट्टी आणि पेन्सिल तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला झाले.

"काढ," ते म्हणाले.